बारवेचा पडदा

चैत्र सरत आला की हवेतली ओल संपते आणि ते माझ्या हातांना आधी कळतं. बोटांच्या पेरांना चिरा पडतात. वर्तमानपत्राची घडी मोडताना कागद कडकडतो. पावसाळ्यात अडून बसणारं कपाटाचं दार हात लावायच्या आधीच उघडतं. नांदेडला गोदावरी आहे, तरी वैशाखातली इथली दुपार घशापर्यंत कोरडी असते. लोक उन्हाला घाबरतात. ऊन मला सोसतं, पण हा कोरडेपणा नाही सोसत. या हवेत काय काय गळून पडतं ते मी एकदा पाहिलेलं आहे.

यंदा हे दिवस लागले आणि लातूरहून सुजाताचा फोन आला.

"बाई, दोन दिवस येता का? आबांच्या पडद्यांचं काम निघालंय. एका पडद्याचं मला एकटीला ठरवता येईना."

सुजाता माझी विद्यार्थिनी. आता पन्नाशी उलटून गेली, जिल्हा परिषदेत नोकरी करते, तरी तिच्या तोंडी मी बाईच. कोणता पडदा, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. लोहा मागं पडलं, अहमदपूर आलं. खिडकीबाहेर काळी रानं भेगाळून पडली होती आणि रस्त्याच्या कडेला एक टँकर गळत उभा होता. त्याच्या नळाखाली एका बाईनं पातेलं धरलं होतं. बस पुढं निघाली तरी मी मान वळवून त्या पातेल्याकडे बघत राहिले.

मी लातूरच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागले तेव्हा जिल्हा नवा होता. उस्मानाबादेतून वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरायच्या, नव्या इमारतींचे पाये खणलेले असायचे आणि जिकडेतिकडे पाट्या रंगवण्याचं काम चाललेलं. दुकानांच्या फळ्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून त्या जागी 'जि. लातूर' यायचं. खरवडलेलं जुनं नाव तिरप्या उन्हात पुन्हा दिसायचं. पत्र लिहिताना म्हातारी माणसं अजून जुनाच जिल्हा लिहायची. आणि पाऊस रुसलेला. विहिरी खडखडीत, मांजरेला धार नाही. नव्या जिल्ह्याच्या पाट्या तेवढ्या ओल्या होत्या, बाकी सगळं कोरडं होतं.

त्या पाट्यांतल्या बऱ्याचशा केरबा पेंटरच्या हातच्या. मुखेडकडचा माणूस. तरुणपणी उदगीरला एका नाटकवाल्या चित्रकाराच्या हाताखाली पडदे रंगवायला शिकला आणि पुढं लातूरच्या बौद्धवस्तीत येऊन राहिला. त्यानं केलेले पडदे मुरुडपासून मुखेडपर्यंत भाड्यानं जायचे. जत्रेतली हौशी नाटकं, जयंतीचे जलसे, शाळांची गॅदरिंगं, सगळीकडे मागं केरबाचा राजवाडा नाही तर केरबाचं जंगल. पण दुष्काळात कोण नाटक करतंय? पडदे गुंडाळून पडले होते आणि केरबा पाट्यांवर पोट भरत होता.

सुजाता त्याची मुलगी, तेव्हा दहावीत. परीक्षा झाल्यावर ती एका सकाळी शाळेत आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, आबांनी बोलावलंय. त्यांच्या डोळ्यांचं कायतरी झालंय."

काचबिंदू होता. गेलेली नजर परत यायची नाही, असं उदगीरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आहे ती किती टिकेल, हेही सांगता येत नव्हतं. मी गेले तेव्हा केरबा पत्र्याच्या खोलीत जमिनीवर बसला होता. भोवती ट्रंका, रंगाचे डबे, कागदांचे गठ्ठे आणि वर आढ्याला सुतळीनं बांधलेले, बांबूवर गुंडाळलेले पडदे, एकाशेजारी एक, निजलेल्या माणसांसारखे.

"बाई, आंधळं व्हायचं मला भ्या न्हाई," तो म्हणाला. "पन हे समदं एकावर एक पडलंय. मला दिसतंय तवर कोनतं काय, कवाचं, कुनासाठी, समदं सांगून ठिवतो. तुमी चितरकलेच्या मास्तरीन, तुमी लावून द्या. मागून ह्या मायलेकींना काय कळंल?"

त्याची बायको गयाबाई पेल्यात पाणी घेऊन आली. अर्धाच पेला होता. तो माझ्या हातात देऊन ती तिथंच उभी राहिली. ती कशासाठी थांबली आहे ते मला कळलं. मी पाणी प्यायले आणि पेला तिच्या हातात दिला. तिचा चेहरा जरा सैल झाला. म्हणाली, "भरून देला असता, पन आज टँकरच आला न्हाई."

मग सुट्टीत रोज सकाळी मी तिथं जाऊ लागले. माझ्या डोक्यात कला महाविद्यालयात शिकलेली टापटीप होती. एका बाजूला चित्रं, दुसऱ्या बाजूला धंद्याचं काम, म्हणजे पाट्यांचे आराखडे, लग्नाच्या कमानी, निवडणुकीचे फलक. ट्रंकेतून काय काय निघालं! खाके निघाले, म्हणजे सुईनं भोकं पाडलेले कागद, त्यांच्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली की भिंतीवर अक्षरं उमटतात. खारीच्या शेपटीचे घरी बांधलेले ब्रश निघाले. जुन्या पत्रिकांच्या पाठीवर पेन्सिलीनं काढलेली माणसं निघाली: खडी फोडणाऱ्या बाया, पाटीवर डोकं टेकून झोपलेला म्हातारा, टँकरमागं धावणाऱ्या घागरी. बहात्तरच्या दुष्काळात केरबा आणि गयाबाई दोघंही खडीच्या कामावर होती. दुपारच्या सुट्टीत त्यानं काढलेली ती चित्रं होती.

मी ती माणसं एका गठ्ठ्यात आणि पाट्यांचे खाके दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवू लागले तसा केरबा म्हणाला, "तसं नका करू. पोटाचं अन् जिवाचं येगळं नका काढू. हात एकच हाय की."

मग आम्ही वर्षांप्रमाणं लावलं. तो कागद डोळ्यांशी नेऊन, तिरपा धरून, उरल्यासुरल्या नजरेनं चाचपायचा आणि सांगायचा. सुजाता लिहायची. मी चिठ्ठी करून सुतळीनं बांधायचे. एखाद्याचं आयुष्य असं हातानं लावताना एक विचित्र संकोच होतो. शाळेतल्या कपाटाला मी बेधडक हात घालायचे. इथं प्रत्येक कागद उचलताना, हा मी पाहावा का, असं वाटायचं. खडीवरच्या एका चित्रात झाडाखाली एक लहान मुलगी बसलेली होती. केरबानं तो कागद इतरांपेक्षा जास्त वेळ हातात धरला, काही न सांगता बाजूला ठेवला आणि पुढचा मागितला.

कागद संपले. पडदे राहिले. राजवाड्याचा पडदा आम्ही तिघांनी खाली घेतला आणि विहारात नेला, कारण एवढा कपडा पसरायला वस्तीत दुसरी जागा नव्हती. सुतळी सोडली. बांबू एकदाच फिरवला असेल, तोच खाली फरशीवर गुलाबी, निळी पूड पडायला लागली. हळदीसारखी बारीक. मी वाकून पाहिलं तर खांबांचा रंग पापुद्र्यापापुद्र्यानं सुटत होता. केरबाला ते दिसलं नसावं, पण आवाज ऐकू गेला. कपड्याचा तो कोरडा चर्रर्र आवाज.

"थांबा! गळून राहिला रंग," तो म्हणाला. "हाडाच्या सरसात कालवलेला रंग हाय बाई. सरसाला ओल लागती. हवेत ओल नसली की त्यो कपडा सोडतो. गुंडाळा. माघारी गुंडाळा."

मी विचारलं, "मग पावसाळ्यापर्यंत थांबायचं?"

"पावसाळ्यापतूर माझे डोळे थांबतेत का?" मग म्हणाला, "भिजलेली गोनपाटं चहूकडं टांगायची. दारं लावायची. रातभर ओल धरली की सकाळी उघडतंय. नाटक कंपनीत असंच करायचो."

गोणपाटं भिजवायची म्हणजे पाणी. वस्तीत टँकर कधी यायचा, कधी नाही. आला की घराला मोजक्या घागरी. संध्याकाळी केरबानं घरी विषय काढला तेव्हा मी तिथंच होते. गयाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"रंगाला पानी?" ती म्हणाली. "राजवाड्याला पाजायला पानी हाय आपल्याकडं?"

"दोन घागरी, गया. एक डाव."

"न्हाई."

"मला पाहायचंय एकदा. मागून दिसनार न्हाई."

भाकरी तव्यावर टाकून ती वळली. "पान्यापायी माझं लेकरू गेलं. ते इसरले का तुमी? घागर घागर करीत गेली ती. अन् तुमी मला सांगता कपडे भिजवायला पानी दे?"

सुजाता मला बाहेर सोडायला आली. वस्तीच्या तोंडाशी थांबून तिनं सांगितलं. तिला एक थोरली बहीण होती, विमल. सहा वर्षांची होती. बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर टँकर आला नाही, तेव्हा पोरांनी खदानीतलं डबक्याचं पाणी प्यायलं. हगवण लागली आणि ती गेली. सुजाता तेव्हा झोळीत होती.

"मला ती आठवत नाही बाई. तिचा फोटो पण नाही. आबांनी तिला बारवेच्या पडद्यात काढलंय, म्हणतेत. तो पडदा गावोगाव गेला. मायनं कधी पाह्यला नाही. त्याच्या नंतर ती नाटकालाच जात नाही."

त्या रात्री मी खोलीवर गेले आणि माझी घागर उघडून पाहिली. तळाशी चार बोटं पाणी होतं. मला गयाबाईचं बरोबर वाटत होतं आणि केरबाचंही. दोन्ही बरोबर असली की माणसाला काही सुचत नाही.

केरबानं पडद्यांचा विषय सोडून दिला. तो पुन्हा पाट्यांवर जाऊ लागला. एका कचेरीच्या पाटीवर त्यानं 'लातूर' लिहिलं ते उजवीकडं उतरत गेलं. साहेबांनी बोलावून दाखवलं. त्यानं पाटी पुसली, पुन्हा लिहिली, ती पुन्हा उतरली. दुसऱ्या कुणाकडून तरी ती पुरी करून घेतली गेली. केरबा घरी आला, रंगाचे डबे कोपऱ्यात ठेवायला गेला आणि कोपरा चुकला. डबा उलथला. गयाबाई दारात उभी राहून पाहत होती. तो हातानं जमीन चाचपत डब्याचं झाकण शोधत होता आणि ते त्याच्या गुडघ्याशीच होतं.

हे मला सुजातानं सांगितलं. पुढचं मी स्वतः पाहिलं. एका सकाळी मी गेले तर पत्र्याच्या खोलीत दोन भरलेल्या घागरी ठेवलेल्या होत्या. त्यांच्यावर फडकं बांधलेलं होतं. गयाबाई उंबऱ्यावर बसली होती.

"बारवेचा पडदा तेवढा उघडा," ती मला म्हणाली. "बाकीचे राहू द्या."

मी विचारलं, "मावशी, तुम्ही पाहणार?"

"पाहीन." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "ह्यांचे डोळे हायेत तवर पाहायचंय. मागून म्या पाह्यलं अन् त्यात कायी चुकलं असलं, तर कुनाला सांगू?"

विहाराची दारं-खिडक्या लावल्या. गोणपाटं भिजवून दोऱ्यांवर टांगली, पडदा मध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी आत पाऊल टाकलं तर ओल्या तागाचा वास, थोडा आंबूस, थोडा मातीचा. त्या उन्हाळ्यात कुठंच नसलेली हवा त्या एका खोलीत होती. माझ्या चिरा पडलेल्या ओठांना ती लागली आणि मला क्षणभर लाज वाटली, कारण बाहेर टँकरच्या रांगेतला गलका ऐकू येत होता.

पडदा उलगडला. रंग धरून होता. आधी आभाळ आलं, मग वडाची एक फांदी, मग दगडी कमान, मग पायऱ्या. बारव होती ती. उदगीरकडं असतात तशी, खोल, चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरणारी. तळाशी हिरवट निळं पाणी. आणि मधल्या पायरीवर काखेत छोटी घागर घेतलेली एक मुलगी, वर चढताना कुणी हाक मारल्यासारखी मान वळवलेली.

गयाबाई पडद्याच्या कडेनं चालत गेली आणि मुलीजवळ खाली बसली. केरबा भिंतीला टेकून उभा होता. त्याला तिथून पायऱ्या दिसत असतील, मुलगी दिसत नसावी.

मग तिनं विचारलं, "हिला बारवेवर कोन चढू देलं?"

"म्या," केरबा म्हणाला. "गावात न्हवते चढू देत. हितं कोन अडवतंय?"

ती पुन्हा पाहू लागली. मुलीच्या तोंडाला हात लावला नाही, तिच्या घागरीला लावला. मग म्हणाली, "तोंड तिचंच हाय. परकर चुकला."

"काय चुकलं?"

"हिरवा न्हवता. पिवळा होता. माझ्या लुगड्याचा काठ फाडून शिवला होता म्या. तुमाला ठावं न्हाई का?"

"ठावं हाय की." केरबाचा आवाज बारीक झाला. "पिवडी सपली होती गया. मुखेडला मिळंना. जलसा दोन दिसावर आला. हिरवा उरला होता, त्योच भरला. मागून करू म्हनलं. मागून मला त्याला हात लावू वाटंना."

"मग आता करा."

आता मी बोलले. मला वाटलं, मी नाही बोलले तर कोण बोलणार. म्हटलं, "मावशी, असं करत नाहीत. जुनं चित्र जसं आहे तसंच ठेवायचं असतं. त्यांच्या हातचा रंग आहे तो. आपण जपायला म्हणून तर हे सगळं करतोय."

गयाबाईनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत. "चितर जपा बाई," ती म्हणाली. "पन माझी लेक बी जपा की. ती हिरव्या परकरात कवा न्हवती. मी उद्या मेले तर समदे म्हनतील हिरवाच होता."

केरबा तिथून निघाला, घरी गेला आणि डबे घेऊन परत आला. पिवडीचा डबा त्यानं वासानं ओळखला. सरस चुलीवर पातळ करून आणला होता. रंग त्यानं बोटांनी कालवला, अंगठ्यावर घासून पाहिला, थोडा खडू घातला. पडद्याजवळ गुडघे टेकून ब्रश उचलला. ब्रशचं टोक परकराच्या वर फिरलं, घागरीवर गेलं, परत आलं.

"मला काठ दिसंना गया," तो म्हणाला. त्यानं ब्रश तिच्यापुढं धरला.

"म्या?"

"तूच घे. म्या सांगतो."

गयाबाईनं आयुष्यभर पडद्यांचं अस्तर केलं होतं. कपडा शिवायचा, खळ लावायची, पांढरा हात मारायचा. आकृतीत ब्रश तिनं कधी घातला नव्हता. तिनं तो भाकरीचं उलथनं धरावं तसा मुठीत धरला. केरबा सांगत गेला: वरून खाली ये, दाबू नको, घडीत जरा कमी भर. ती भरत गेली. हिरव्यावर पिवळा चढत गेला. खाली घोळाशी आली तेव्हा तिचा हात रेषेबाहेर गेला.

"भाईर गेला का?" त्यानं विचारलं. त्याला कसं कळलं कोण जाणे. ब्रशचा आवाज थांबला असेल.

"जरा गेला."

"जाऊ दे. वाऱ्यानं उडाल्यावानी दिसंल."

सुजाता माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात धरला होता आणि तो इतका घट्ट की नंतर बोटांवर वळ राहिले.

पुढं हवेत ओल आली तेव्हा बाकीचे पडदे उघडले. राजवाड्याचे दोन खांब गेले होते, जंगल मात्र जसंच्या तसं. केरबानं सगळे पाहिले, पण तोवर त्याची नजर पडद्याच्या एका कोपऱ्यापुरती उरली होती. तो पडदा असा तुकड्यातुकड्यानं, कोपऱ्याकोपऱ्यानं वाचत जायचा. दिवाळीनंतर ती नजरही गेली. माझी बदली नांदेडला झाली. केरबा गेला तेव्हा मी आले होते. गयाबाई त्यानंतर बरीच वर्षं होती. मी भेटायला गेले की ती पेला भरून पाणी द्यायची आणि मग पडद्याचं विचारायची, ओल लागली का, उंदीर लागले का, म्हणून. विमलचं नाव ती घ्यायची नाही. पडद्याचं विचारायची.

कलावंताच्या मागं राहिलेल्या वस्तू लावायच्या म्हणजे काय, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. आपल्याकडं चित्र राहतं ते कुणाच्या तरी माळ्यावर, पाण्याच्या आणि वाळवीच्या मेहेरबानीवर. राहिलं तर नशीब. आणि जे राहतं त्यात चित्रकाराचं किती असतं, घरच्यांचं किती असतं? केरबाच्या खोलीतली एकही वस्तू अशी नव्हती जिला गयाबाईचा हात लागला नव्हता. आम्ही बांधलेल्या चिठ्ठ्यांवर मात्र सगळीकडं एकच नाव होतं. तेव्हा मला ते खटकलं नाही.

लातूरला उतरले तेव्हा दुपार झाली होती. सुजाता स्टँडवर आली होती. तिचे केस पांढरे झालेले, चालणं अगदी गयाबाईसारखं. एका मोठ्या शहरातल्या संस्थेनं केरबाचे पडदे आणि कागद घेऊन जतन करायचं ठरवलं होतं. तिथून केतकी नावाची तरुण मुलगी आली होती, पडद्यांची तपासणी करायला. विहारात, आता टाइल्स बसवलेल्या विहारात, बारवेचा पडदा पसरलेला होता. केतकी भिंग आणि छोटा दिवा घेऊन पालथी पडून पाहत होती. ओलीसाठी तिनं एक यंत्र आणलं होतं, ते कोपऱ्यात घुरघुरत होतं.

"हा पिवळा नंतरचा आहे," ती मला म्हणाली. "दुसऱ्या हाताचा आहे, ते कळतंय. पण खाली हिरवा पूर्ण शाबूत आहे. मी हळूहळू हा वरचा काढू शकते. मूळ चित्र परत मिळेल."

सुजातानं माझ्याकडं पाहिलं. तेव्हा मला कळलं तिला काय ठरवता येत नव्हतं. हिरवा आबांचा होता. पिवळा मायचा होता.

केतकी चुकीचं काही बोलत नव्हती. मीही तेच बोलले होते, त्याच जागी उभी राहून. शिवाय तो हिरवाही खोटा नव्हता. पिवडी न मिळालेल्या माणसाचा हिरवा होता तो, लेक गेल्यावर लगेच जलशाला पडदा द्यावा लागलेल्या बापाचा. मी केतकीला सगळं सांगितलं. दुष्काळ, घागरी, लुगड्याचा काठ, कालवलेली पिवडी. ती उठून बसली.

"रंग त्यांनी स्वतः कालवला?"

"बोटांनी."

"आणि कुठं भरायचा ते त्यांनी सांगितलं?"

"अक्षर न् अक्षर."

तिनं दिवा पुन्हा परकरावर धरला. मग म्हणाली, "मॅडम, मी काढला नाही तर उद्या कुणीतरी दुसरा काढेल. त्याला हे माहीत नसणार."

"म्हणून लिहून ठेवा," सुजाता म्हणाली. "हिरवा आबांनी भरला, पिवळा मायनं. दोघांची नावं लिहा. दोन्ही रंग राहू द्या, एकावर एक."

केतकीनं मान डोलावली. पिवळ्याचे काही पापुद्रे उचलले होते, तिथं ती बारीक ब्रशनं चिकट द्रव सोडू लागली. एकेक पापुद्रा खाली बसत होता. काम करता करता तिनं शेजारचा संगणक जवळ ओढला आणि विचारलं, "चित्राचं वर्णन असं लिहू का? बारव, पायऱ्या, घागर घेतलेली अनोळखी मुलगी."

सुजाता गुडघ्यावर बसली, पडद्याच्या अगदी कडेला.

"अनोळखी नाही," ती म्हणाली. "विमल केरबा कांबळे. माझी थोरली बहीण."

केतकीनं पायरीवरच्या त्या सहा वर्षांच्या पोरीकडं पाहिलं आणि मग सुजाताकडं. पांढऱ्या केसांची सुजाता पडद्यावर वाकून बहिणीकडं पाहत होती आणि त्या घटकेला खरंच धाकटी दिसत होती.